तळ्यावर जायचं ठरलं तो उन्हाळा

बाबा डब्लिनला आले ते मे महिन्यात, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ते भंडाऱ्याच्या घरात एकटेच राहत होते. भाऊ नागपूरला असतो. दर रविवारी जाऊन यायचा, आठवड्याची औषधं डबीत भरून द्यायचा, दुपारी जेवून परतायचा. 'बाबा ठणठणीत आहेत,' असं तो सांगायचा आणि मलाही ते तसेच वाटायचे. व्हिडिओ कॉलवर माणूस दहा मिनिटं ठणठणीत राहू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तळ्याचा विषय लेकीने काढला. ती दहा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत, इथल्याच हेलात. तिच्या वर्गमैत्रिणीच्या घरचे दर उन्हाळ्यात मिडलँड्समधल्या, म्हणजे देशाच्या मधल्या भागातल्या, एका तळ्यावर जातात. तिथे वाळू टाकून किनारा केलाय, पोहण्याची जागा आखून दिलीय आणि ठरलेल्या वेळात लाइफगार्ड असतात. "इट्स नॉट ईव्हन द सी, आई," ती म्हणाली. "नो वेव्ह्ज. इट्स ग्रँड." 'ग्रँड' म्हणजे इथे 'मस्त, काही काळजी नाही'.

आमच्या घरापासून गाडीने सव्वा तास. नवरा लगेच हो म्हणाला. बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "तलाव आहे? मग मीही येतो."

बाबांच्या 'मीही येतो'ला वजन होतं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. भंडारा जिल्हा म्हणजे तलावांचाच जिल्हा, आणि त्यांची सगळी नोकरी तलावांच्या पाळीवरून चालण्यात गेली. गेज वाचायचे, सांडव्याची भिंत तपासायची, पावसाळ्यात फुगलेल्या पाण्याकडे बघत छत्री धरून उभं राहायचं. पाण्याच्या रंगावरून ते खोली सांगायचे. आणि रोज सकाळी ऑफिसच्या आधी गावाबाहेरच्या तलावात पोहायचे, हिवाळ्यातसुद्धा. भावाला त्यांनी सहाव्या वर्षी पाण्यात टाकलं. माझ्या वेळी आजी आडवी आली, मग शाळा, मग 'पुढच्या वर्षी' आणि ते राहून गेलं. मला अजूनही पोहता येत नाही. पोहणाऱ्याची मुलगी, असं लोक हसून म्हणायचे. मीही हसायचे.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. ग्रँड कॅनाल डॉकपाशी ऑफिस आहे. दुसऱ्यांनी बनवलेली गोष्ट कुठे मोडेल हे ती मोडायच्या आधी शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. तळ्यावर जायचं ठरलं तशी मी त्याच सवयीने यादी करायला बसले. पाणी किती थंड असेल. लेकीसाठी वेटसूट. लाइफगार्ड कुठल्या महिन्यात कुठल्या दिवशी असतात. जूनमध्ये फक्त शनिवार-रविवार, जुलैपासून रोज, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. फुगवायच्या तराफ्यांना बंदी आहे, कारण वाऱ्याने ते आत ओढले जातात. लेकीला पोहण्याच्या क्लासमध्ये पंचवीस मीटर येतात, पण ते उबदार, निळ्या, तळ दिसणाऱ्या पाण्यात. पाण्यात उतरताना तिच्या दोन्ही बाजूंना मोठी माणसं हवीत. मला पोहता येत नाही म्हणजे एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बाबा.

बाबांचं नाव मी मदतीच्या बाजूला लिहिलं. धोक्याच्या बाजूला लिहावं असं काही मी तोवर पाहिलेलंच नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते खरं नाही.

ते आल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात मी ऑफिसातून आले तर हॉलच्या छतातून, दिव्याच्या कडेने पाणी ठिबकत होतं. वर बाथरूममध्ये टब तुडुंब भरून जमिनीवर पाणी आलं होतं आणि नळ चालू होता. बाबा खाली सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांच्यापासून चार हातांवर गालिच्यावर ओलं वर्तुळ मोठं होत होतं. मी नळ बंद करून आले तेव्हा त्यांनी छताकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "वरून गळून राह्यलं वाटते. कोणी पाहत नाही काय इथं?"

नवऱ्याने रात्रीचं जेवण वाढताना विचारलं, "बाबांना खरंच कळलं नाही?"

"त्यांना टबची सवय नाही," मी म्हणाले. "भंडाऱ्याला कुठे टब आहे?"

पुढच्या शनिवारी आम्ही छताला रंग दिला. डाग खालून थोडा दिसतच राहिला.

मग एकदा ते फिरायला गेले आणि तासाऐवजी अडीच तासांनी आले, ते पलीकडच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका आयरिश आजींबरोबर. आजींनी दारात मला हळू आवाजात सांगितलं की ते आमच्याच रांगेतल्या घरांची दारं एकेक करून बघत होते. "बट ही'ज ग्रँड नाऊ," असं म्हणून त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. बाबा आत जाऊन बूट काढत होते. मी विचारल्यावर म्हणाले, "ती बाई एकटी राहते. बोलायला कोणी नाही तिले. म्हणून सोबत आलो."

इतकं चोख उत्तर होतं की मी ते मान्य करून टाकलं. इथली सगळी घरं एकसारखी दिसतात, हेही खरंच होतं. पहिल्या वर्षी मी स्वतः दोनदा शेजारच्या दाराला किल्ली लावली होती. रोज सकाळी ते विचारायचे, "तलावावर कधी जायचं?" मी सांगायचे. दुपारी फोन करून पुन्हा विचारायचे. मी म्हणायचे, उत्सुकता आहे.

पहिला बेत जूनच्या मधल्या शनिवारचा होता. शुक्रवारी संध्याकाळी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, वेबसाइटवर सूचना आली की त्या तळ्यात निळं-हिरवं शेवाळ आढळलं आहे, पोहू नये, कुत्र्यांना पाण्याजवळ नेऊ नये. लेक हिरमुसली. तिच्या मैत्रिणीच्या घरचे तरीही जाणार होते, नुसते किनाऱ्यावर बसायला.

बाबांना मी सूचना वाचून दाखवली. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "बरोबर आहे. नाही जायचं." आणि आपणहून सांगू लागले. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका उन्हाळ्यात, एका लहानशा तलावाचं पाणी असंच फिरलं. वर हिरवा थर, रंगाचा डबा सांडावा तसा. गावच्या चार म्हशी दुपारी पाणी प्यायल्या आणि संध्याकाळपर्यंत पाळीवर आडव्या झाल्या. वरिष्ठांनी त्यांना बोर्ड लावायला पाठवलं. त्यांनी बोर्ड लावला, पाण्यात उतरू नये असा. तेवढ्या वेळात बोर्डाच्या खांबाला कपडे टांगून पोरं पाण्यात उतरली होती.

"मग?" लेकीने विचारलं. तिला गोष्टीतलं मराठी नेहमी नीट समजतं.

"मग काय. ओरडलो. बाहेर नाही आली. मी आपला बोर्ड लावून घरी आलो." ते थांबले. "एक पोरगं आजारी पडलं. वाचलं ते. पण मी तिथं उभा राहायला पाहिजे होतं. बोर्ड काय करते?"

नळ, दारं, तारखा, कशाचाच गोंधळ त्या गोष्टीत नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्या म्हशींची संख्या त्यांना आठवत होती. मला फार हायसं वाटलं. हायसं वाटायला मी किती उतावीळ झाले होते, हे आता लिहिताना दिसतं.

दहाएक दिवसांनी सूचना मागे घेतली. जुलैतला पहिला शनिवार ठरला. तरीही माझ्या मनाला चैन पडेना. जागा आपण एकदा डोळ्यांनी पाहून यावी, असं वाटायला लागलं. जून संपत आला होता, लेकीची शाळा अजून चालू होती. एका मंगळवारी मी सुट्टी काढली आणि बाबांना घेऊन निघाले. त्यांच्याइतकं पाणी कळणारं माणूस माझ्या माहितीत दुसरं नव्हतं.

आकाश खाली आलेलं होतं. वारा अजिबात नव्हता. कारपार्कमध्ये आमची एकच गाडी. लाइफगार्डांची लाकडी खोली बंद, झेंड्यांचे खांब मोकळे. खांबावर लाल कड असलेली पाटी होती: आज लाइफगार्ड नाहीत. आणलेली वाळू वीस-पंचवीस पावलांत संपत होती. दोन्ही बाजूंना उंच लव्हाळे आणि समोर पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं. पलीकडचा किनारा म्हणजे झाडांची एक गर्द रेघ. एक हंस लव्हाळ्यांतून बाहेर आला, आमच्याकडे पाहून पुन्हा आत गेला.

बाबा पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"पाणी कुठून येते?"

"वरून एक नदी येते म्हणे."

"अन् जाते कुठं?"

"ते नाही माहीत, बाबा."

"पाणी कुठून येते अन् कुठं जाते हे माहीत नसताना लेकराला नाही उतरवायचं." त्यांनी हात लांब केला. "तो रंग पाह्य. इथून मातकट, तिथवर. त्याच्यापुढं काळा. म्हणजे पंधरा-वीस पावलं उतार, अन् मग एकदम खोल. पोट्टीला त्या काळ्याच्या अलीकडं ठेवायचं. वारा आपल्याकडून तिकडं असला तर उतरायचंच नाही."

पोहण्याची हद्द दाखवणारे पिवळे बोये बरोबर त्याच काळ्या रेघेवर तरंगत होते. मी ते त्यांना दाखवलं. "म्हणजे इथल्याही माणसाला कळते तर," ते म्हणाले आणि हसले. मी फोनवर सगळं टिपून घेतलं. मला वाटलं, आज आले ते बरं झालं.

मग त्यांनी हात झटकले आणि वळले. "चल. तुझी आई गाडीत बसून कंटाळली असेल."

ते इतकं सहज म्हणाले की क्षणभर मीही गाडीकडे पाहिलं.

ते पुढे, मी मागे. गाडीपाशी जाऊन त्यांनी मागचं दार उघडलं, आत पाहिलं, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि दार लावलं. हळूच, कुणी झोपलेलं असावं तसं. मग पुढे येऊन बसले आणि बेल्ट लावला. मोटरवेवर पावसाची बुरबुर लागली. वायपरचा आवाज सोडला तर काही नव्हतं. त्यांना कळलं होतं का, की आपण काय बोललो? मला वाटतं, कळलं होतं. दारापाशी ते जेवढा वेळ उभे होते, तेवढ्या वेळात कळलं असावं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशी आहे जागा?"

"छान आहे," मी म्हणाले. "पार्किंग मोठं आहे. वाळू बरी आहे."

नवऱ्याशी मी खोटं फारसं बोलत नाही. हे खोटंही नव्हतं. पण त्या दिवसापासून शनिवारपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. बेत रद्द करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, भावाला फोन करावा लागला असता आणि ऑगस्टमध्ये व्हिसा संपल्यावर बाबांनी कुठल्या घरात, कुणाबरोबर राहायचं हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येऊन बसला असता. त्यापेक्षा मी वेटसूट धुऊन वाळत घातला. थर्मास काढला. टॉवेल, बिस्किटं, दशम्या, लोणचं. प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, पण आम्हीही आता प्रेसच म्हणतो, जुनी चटई काढली. लेकीच्या सुरक्षेची यादी मी त्या आठवड्यात चार वेळा तपासली.

शनिवारी ऊन पडलं. साडेअकराला पोहोचलो तर अर्धं कारपार्क भरलेलं. खांबांवर लाल-पिवळे झेंडे, लाकडी खोली उघडी, दोन लाइफगार्ड. त्यातली एक तिशीतली बाई होती. हिवाळ्यात ती शाळेत शिकवते, असं बोलण्यातून कळलं. मी तिला इतके प्रश्न विचारले की शेवटी तिनेच लेकीला सांगितलं, तुझ्या आईला माझी नोकरी देऊन टाकते. वारा कमी होता, पण होता तो आपल्याकडून पाण्याकडे. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी गाल वाऱ्याकडे केला. "एवढ्यानं काही होत नाही," म्हणाले. मंगळवारी त्यांनीच घातलेली अट होती ती. मी पुन्हा गप्प बसले.

वेटसूट घालायला त्यांनी साफ नकार दिला. "रबर घालून माणूस पोहते काय?" लाइफगार्डने त्यांच्याकडे नीट पाहिलं, वय विचारलं. बहात्तर, मी सांगितलं, जन्मभर पोहत आलेत. ती म्हणाली, हळूहळू उतरू दे, आणि पिवळ्या बोयांच्या आत राहू दे. मी ते मराठीत सांगितलं.

"मले पाणी शिकवून राह्यली काय तू?" बाबा म्हणाले. रागाने नाही.

आधी लेक आणि नवरा उतरले. मी घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभी. थंडी हाडांत जात होती. लेक किंचाळली, हसली, कंबरेपर्यंत गेली, परत आली. मी तिच्यावरून नजर हटवत नव्हते. बाबा तिच्या पलीकडून पाण्यात शिरले, छातीवर पाणी मारलं, मान ओली केली आणि पोहायला लागले. आजूबाजूची दोन-चार माणसं बघत राहिली. पाणी उडत नव्हतं, आवाज नव्हता. म्हातारं शरीर पाण्यात गेल्यावर म्हातारं राहिलं नव्हतं. ते बोयांपर्यंत गेले, वळले, परत आले. पुन्हा गेले.

लेकीचे ओठ निळसर व्हायला लागले तशी मी तिला बाहेर बोलावलं. टॉवेल गुंडाळला, थर्मासमधला चहा दिला, केस पुसले. नवरा शेजारी बसून दशमी खात होता. या सगळ्याला किती वेळ लागला असेल? चार मिनिटं, पाच मिनिटं. मग शिट्टी ऐकू आली.

लांब, एकसलग शिट्टी. पुन्हा एक. किनाऱ्यावरचं सगळं बोलणं थांबलं. मी आधी लेकीकडे पाहिलं. ती माझ्या हातातच होती. मग पाण्याकडे पाहिलं.

बाबा बोयांच्या पलीकडे होते. बरेच पलीकडे. डोकं आणि एकामागून एक वर येणारे हात, एका लयीत, घाई नसलेले. ते बुडत नव्हते. ते निघाले होते. पलीकडच्या गर्द रेघेकडे, सरळ.

मी हाका मारत पाण्यात गेले. बाबा. बाबा. कंबर, मग छाती. पायाखालची वाळू उतरत गेली आणि समोर तो काळा रंग आला. तिथे मी थांबले. मला त्याच्यापुढे जाता येत नव्हतं. थंडीने श्वास अर्ध्यावर अडकत होता आणि हाकाही नीट निघत नव्हत्या. नवरा माझ्याजवळ आला, मला दंडाला धरून मागे ओढत म्हणाला, "लाइफगार्ड गेलीय. ती गेलीय बघ."

लाइफगार्ड लांबट, तरंगत्या बोर्डवर पालथी पडून दोन्ही हातांनी पाणी मारत जात होती. दुसरा लाइफगार्ड सगळ्यांना बाहेर काढत होता. पाणी रिकामं झालं. एवढ्या मोठ्या पाण्यात दोनच ठिपके उरले आणि त्यातला एक दुसऱ्याकडे जात होता, पण अंतर कमी होतंय असं वाटतच नव्हतं. मग पुढच्या ठिपक्याचे हात थांबले. तो गोल फिरला. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, पुन्हा या बाजूला.

ती पोहोचली. त्यांनी बोर्ड धरला नाही. तिने पुढे केलेला लाल फ्लोटही घेतला नाही. पाण्यात उभे असल्यासारखे ते तिच्याशी काहीतरी बोलत होते. ते किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. माझ्या मागे लेक काठावर उभी होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "व्हाय वोन्ट ही होल्ड इट, आई?"

शेवटी त्यांनी धरलं. ती त्यांना बोर्डावर घेऊन आली. उथळ पाण्यात नवऱ्याने आणि दुसऱ्या लाइफगार्डने त्यांना उचललं. अंग बर्फासारखं, बोटं पांढरी, दातावर दात आपटत होते. लाकडी खोलीत नेऊन ऊब धरणारं चंदेरी फॉइल गुंडाळलं, त्यावर ब्लँकेटं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं पाहणं होतं, पण खूप दुरून.

लाइफगार्ड स्वतःही थरथरत होती. केस पिळत ती म्हणाली, ते दमले नव्हते. घाबरलेही नव्हते. मला सारखं काहीतरी विचारत होते, तेच तेच. मग आठवून आठवून तिने ते शब्द उच्चारले, मोडके-तोडके, जसे कानावर पडले तसे. "गाव... कोन्या... बाजूले. गाव कोन्या बाजूले."

गाव कोणत्या बाजूला आहे.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिला इंग्रजीत अर्थ सांगितला. तिने वही ओढली, कारण प्रत्येक घटना लिहून ठेवावी लागते. वेळ, वारा, वय. मग तिने पेन थांबवून, शाळेत मुलाला विचारावं तसं, विचारलं, असा गोंधळ यांचा आधी कधी झालाय?

नाही म्हणणं सोपं होतं. मुलाखतीतल्या उत्तरासारखं ते माझ्या ओठांवर तयार होतं. पण ही बाई आत्ता त्या काळ्या पाण्यातून त्यांना घेऊन आली होती आणि तिला जे माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं.

"हो," मी म्हणाले. "मे महिन्यापासून." मग टब, मग दारं, मग गाडीचं मागचं दार. शेवटचं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते आणि ते एका अनोळखी माणसाला, परक्या भाषेत सांगत होते. नवरा माझ्या मागे उभा होता. त्याच्या श्वासावरून मला कळत होतं, कुठलं त्याला नवीन आहे.

तिने सगळं लिहिलं नाही. एवढंच म्हणाली, हे तुम्ही सकाळी सांगितलं असतं तर मी त्यांच्यावर वेगळी नजर ठेवली असती. रागाचा एक कणही नव्हता त्यात. म्हणूनच ते अजून मनातून जात नाही.

अॅम्ब्युलन्स आली. जवळच्या हॉस्पिटलात त्यांना पाच-सहा तास ठेवलं, ऊब दिली, संध्याकाळी सोडलं. परतीच्या वाटेवर ते झोपले. लेक मागे त्यांच्या शेजारी बसली होती, त्यांच्या बाहीचं टोक मुठीत धरून. घरी येईपर्यंत तिने ते सोडलं नाही.

नवऱ्याने दोन दिवसांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, सांगितलं असतं तर जायचं रद्द झालं असतं. तो म्हणाला, "हो. झालं असतं." बस, एवढंच. भांडण झालं असतं तर परवडलं असतं.

इथल्या डॉक्टरांनी त्यांच्याशी अर्धा तास बोलून, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगून, एक पत्र दिलं: पुढच्या तपासण्या घरी परतल्यावर लगेच करून घ्याव्यात. बाबांनी काढलेल्या घड्याळात बाराही आकडे एकाच बाजूला गर्दी करून होते. ते कागद डॉक्टरांना देताना म्हणाले, "जागा पुरली नाही." भावाला मी फोन केला. तो म्हणाला की गेल्या दिवाळीपासून बाबा दर रविवारी त्याला, आज कोणता वार, असं विचारतात. त्याला वाटलं, एकटेपणामुळे. त्यालाही कुणाला सांगायचं नव्हतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी त्यांना घेऊन नागपूरला गेले. भंडाऱ्याचं घर बंद केलं. आता ते भावाकडे असतात. दिवसा त्यांना सांभाळायला एक मावशी येतात. तपासण्या झाल्या, गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी विसरण्याचा वेग कमी होतो म्हणतात, दिशा बदलत नाही. आईबद्दल ते आता विचारतात, आडून नाही, सरळ: कुठे गेली? भाऊ सुरुवातीला खरं सांगायचा आणि दर वेळी त्यांना ते नव्याने कळायचं. आता तो म्हणतो, येईल.

मागच्या महिन्यात फाटकाची कडी उघडी राहिली. दोन तासांनी ते सापडले, घरापासून बरंच दूर, अंबाझरी तलावाच्या पाळीवर. पायांत चपला नव्हत्या. पाण्याकडे तोंड करून बसले होते. शर्ट काढून, नीट घडी करून शेजारी ठेवला होता. भाऊ पोहोचला तेव्हा ते उठून उभे राहत होते.

भावाने आता फाटकाला कुलूप लावलंय. किल्ली तो गळ्यात घालतो. मी या वर्षीची सगळी सुट्टी एकदम काढून तिकडे जातेय, लेकीला घेऊन. ती म्हणते, आजोबांना आपण ओळखू आलो नाही तर काय करायचं, हे मला आधी सांगून ठेव. मी अजून तिला काही सांगितलेलं नाही. विमान पुढच्या गुरुवारी आहे.